उभी गाडी घरंगळते तेव्हा

उतारावर उभी केलेली गाडी सुटली की माणूस धावत जाऊन तिच्या आडवा उभा राहतो आणि दोन्ही हात बॉनेटला टेकवतो. जीव यातच जातात. आणि वाईट म्हणजे, गाडी सुटते त्या क्षणी ‘ही मला थोपवता येईल’ हा त्याचा अंदाज खरा असतो.

1000 किलोची गाडी घ्या आणि 100 मीटरला 5 मीटर उतरणारा रस्ता. गुरुत्वाकर्षण गाडीला खाली ओढतं ते साधारण 50 किलोच्या जोराने. त्यातले बाराएक किलो टायरच्या रोधात खर्ची पडतात. उरलेला 38 किलोचा रेटा धडधाकट माणूस सहज थोपवतो. पहिल्या सेकंदात गाडी जेमतेम वीतभर सरकते. पण 20 मीटर गेल्यावर, म्हणजे साधारण 10 सेकंदांत, तिचा वेग ताशी 14 किलोमीटर झालेला असतो. आता तिला एका मीटरच्या आत थांबवायचं तर जोर लागतो सुमारे 800 किलोचा! तो कोणाच्या हातात नसतो. पाठीमागे भिंत किंवा दुसरी गाडी असेल, तर माणूस मध्ये चिरडला जातो. सुटलेल्या गाडीपुढे जाऊ नका, उघड्या दारातून आत उडी मारू नका. ओरडून वाटेतल्या लोकांना बाजूला करा आणि गाडी जाऊ द्या.

नीट उभी असलेली गाडी मध्येच का सुटते? मागच्या चाकांना डिस्क ब्रेक, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी तबकडी दोन्ही बाजूंनी दाबून धरणारा ब्रेक असेल आणि घाट उतरून तापलेल्या डिस्कवर हँडब्रेक ओढला असेल, तर थंड होताना डिस्क किंचित आकसते आणि पकड सैल पडते. तोवर चालक चहा प्यायला गेलेला असतो. ड्रम ब्रेक चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याला, म्हणजे ड्रमला, आतून दाबतो. तिथे उलट होतं, ड्रम आकसला की पकड घट्ट होते. तिथे दगा देते ती ताणून सैल पडलेली हँडब्रेकची केबल. गिअरमध्ये ठेवलेली गाडी इंजिनच्या सिलिंडरमध्ये दाबल्या गेलेल्या हवेवरही तोललेली असते. ही हवा पिस्टनच्या कडेने हळूहळू निसटते, त्यामुळे तीव्र उतारावर गाडी टप्प्याटप्प्याने पुढे सरकू शकते. म्हणून हँडब्रेक आणि गिअर, दोन्ही हवेत.

डोळ्यांना सपाट वाटणारा रस्ताही पुरतो. 100 मीटरला दीड मीटर उतार असला तरी मोकळी गाडी चालू लागते. रेल्वेला तर त्याहून कितीतरी कमी लागतो, कारण लोखंडी रुळावर लोखंडी चाकाला होणारा रोध टायरच्या जेमतेम दशांश असतो. म्हणूनच भारतीय रेल्वेच्या नियमांत स्टेशनच्या आवारातल्या उताराची मर्यादा 400 मीटरला 1 मीटर इतकी कडक आहे. 25 फेब्रुवारी 2024 ला जम्मूतल्या कठुआ स्टेशनात उभी असलेली, खडीने भरलेली 53 डब्यांची मालगाडी चालकाविना निघाली आणि 70 किलोमीटरहून अधिक अंतर तोडून पंजाबातल्या उंची बस्सीपाशी थांबली. कोणालाही इजा झाली नाही. हे दैव होतं, तसंच पुढची फाटकं आणि मार्ग वेळेत मोकळे ठेवणाऱ्या कर्मचाऱ्यांचं कामही होतं.

ट्रकचा क्लीनर उतरताच चाकाखाली दगड सरकवतो, त्याचं शास्त्र याच हिशेबात आहे. वेग शून्य असताना अडवायचा असतो फक्त तो लहानसा रेटा, आणि त्याला एक दगड पुरतो. मात्र तो चाकाला चिकटूनच हवा. हातभर अंतर सोडलं तर गाडी तेवढ्यात वेग घेते आणि दगड ओलांडून जाऊ शकते. फुटपाथच्या कडेला गाडी लावताना, तोंड उताराकडे असेल तर पुढची चाकं फुटपाथकडे वळवून ठेवावीत. मग हँडब्रेक सुटला तरी गाडी थोडं सरकून कडेला टेकते.