फी तर वसूल झाली, पण बचत झाली का?

अमेरिकेत नव्याने संसार थाटलेल्या मराठी घरात पहिल्या काही महिन्यांतच हा प्रश्न निघतो: कॉस्टको या वार्षिक फी भरून खरेदी करायच्या घाऊक दुकानाचं कार्ड काढायचं का? तिथे मुरलेली मंडळी सांगतात, "काढून टाका, दोन फेऱ्यांत फी वसूल होते." सप्टेंबर २०२४ पासून साध्या कार्डाची वार्षिक फी ६५ डॉलर आहे. समजा, तिथला माल बाहेरच्यापेक्षा २० टक्क्यांनी स्वस्त पडतो. मग बाहेरच्या भावाने वर्षाला ३२५ डॉलरची, म्हणजे महिन्याला साधारण २७ डॉलरची खरेदी झाली की फी सुटली. चौघांच्या घरात दूध, अंडी, तांदूळ आणि कपड्यांचा साबण एवढ्यातच हा आकडा मागे पडतो.

गणित बरोबर आहे. पण आणलेली प्रत्येक वस्तू घरात एरवीही लागणारच होती आणि ती शेवटपर्यंत वापरली गेली, असं त्यात धरून चाललं आहे. बचत होते की नाही हे सगळं त्यावरच ठरतं.

आधी दुकानाचा धंदा कसा चालतो ते पाहू. १९७६ मध्ये सॅन डिएगोत सॉल प्राइस आणि त्यांचा मुलगा रॉबर्ट यांनी विमानांच्या जुन्या हँगरमध्ये 'प्राइस क्लब' उघडला. सुरुवातीला ग्राहक होते छोटे व्यावसायिक. वर्षाची फी भरायची आणि घाऊक माल न्यायचा. प्राइस यांच्या हाताखाली तयार झालेले जिम सिनेगल यांनी जेफ्री ब्रॉटमन यांच्यासह १९८३ मध्ये सिएटलला कॉस्टको सुरू केलं. त्याच वर्षी ओक्लाहोमात वॉलमार्टचा याच पद्धतीचा सॅम्स क्लब आला. प्राइस क्लब आणि कॉस्टको १९९३ मध्ये एकत्र झाले.

या धंद्याची खुबी जमाखर्चात दिसते. २०२४ च्या आर्थिक वर्षात कॉस्टकोने सुमारे २५,००० कोटी डॉलरचा माल विकला. फीमधून आले फक्त ४८० कोटींच्या आसपास, म्हणजे विक्रीच्या दोन टक्केही नाहीत. पण कंपनीचा त्या वर्षीचा कामकाजी नफा सुमारे ९३० कोटी होता. फीमध्ये जवळजवळ काहीच खर्च नसतो, त्यामुळे नफ्याचा निम्म्याहून मोठा हिस्सा त्या कार्डांनीच दिला असं म्हणता येतं. मालावरचा नफा कंपनी मुद्दाम आवळून धरते: बाहेरच्या ब्रँडवर जास्तीत जास्त १४ टक्के आणि स्वतःच्या 'कर्कलंड सिग्नेचर' मालावर १५ टक्के चढवायचे, त्याच्या वर जायचं नाही. दुकानात साधारण ४,००० प्रकारचाच माल असतो. नेहमीच्या सुपरमार्केटात ३०,००० च्या वर. मोहरीचे बारा प्रकार ठेवण्याऐवजी एक-दोनच ठेवले की प्रत्येकाची खरेदी प्रचंड होते आणि उत्पादकाकडून भाव पाडून घेता येतो. माल ज्या लाकडी पॅलेटवर येतो त्यावरच विक्रीला उभा राहतो, त्यामुळे मांडणीची मजुरीही वाचते.

आत जाण्याची रक्कम एक आणि आतल्या वस्तूंचा भाव दुसरा, अशा दुहेरी दरांचं गणित वॉल्टर ओय या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये डिस्नेलँडचं उदाहरण घेऊन मांडलं होतं. दारावर कमाई होत असेल तर आतले दर खर्चाच्या जवळ ठेवणं मालकाच्याच फायद्याचं असतं, कारण आतली स्वस्ताई हेच दारावरची फी भरण्याचं कारण असतं. म्हणून या दुकानांतले दर खरोखर कमी असतात असं मी बिनधास्त म्हणेन. दरात कोणी आपल्याला फसवत नाही. हिशेब चुकतो तो प्रमाणात.

मोठा पुडा सुट्यापेक्षा जितके टक्के स्वस्त, तितके टक्के फेकून दिलं की बचत शून्य होते. पुडा २५ टक्क्यांनी स्वस्त असेल आणि त्यातला पाव हिस्सा टाकावा लागला, तर जे खरंच पोटात गेलं त्याचा भाव कोपऱ्यावरच्या दुकानाइतकाच पडला. तिसरा हिस्सा टाकला तर तोटाच. हा नियम कुठल्याही वस्तूला, कुठल्याही देशात लागू पडतो. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अंदाजानुसार त्या देशातलं ३० ते ४० टक्के अन्न खाल्लं जातच नाही. त्यातला काही भाग दुकानांत वाया जातो, पण बराचसा घरातल्या फ्रीजमधून कचऱ्यात जातो.

कोणती वस्तू टिकते आणि कोणती नाही, यामागचं रसायन आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या हाताळलं गेलं आहे. उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरायचं तेव्हा गहू आणि तांदूळ भरले जायचे, तूरडाळीला एरंडेलाचा हात लावला जायचा, डब्यांत कडुनिंबाचा पाला पडायचा. वर्षाचं पीठ मात्र कोणी दळून ठेवत नसे. ते पंधरा दिवसांपुरतंच गिरणीतून यायचं, आणि बाजरीचं तर त्याहूनही कमी. अख्ख्या दाण्यात अंकुराचं तेल आणि ते तोडणारं लायपेज हे विकर (एन्झाइम) वेगवेगळ्या कप्प्यांत बंद असतात. दळलं की दोघांची गाठ पडते, हवाही लागते आणि पीठ खवट होऊ लागतं. बाजरीत तेल जास्त, म्हणून तिचं पीठ काही दिवसांतच कडवट होतं. पांढऱ्या मैद्यात अंकुर आणि कोंडा काढून टाकलेला असतो, म्हणून तो महिनोन्‌महिने राहतो. गराजमध्ये ठेवलेली कणकेची मोठी गोणी ह्यूस्टन किंवा डॅलसच्या उन्हाळ्यात का बिघडते, याचं उत्तर हेच आहे. असल्या क्रियांचा वेग तापमान दहा अंश सेल्सिअसने वाढलं की साधारण दुप्पट होतो.

सुक्यामेव्यात हाच फरक आणखी ठळक दिसतो. बदामातली चरबी मुख्यतः ओलेइक आम्लाची असते. तिच्या रेणूत एकच दुहेरी बंध असतो आणि ऑक्सिजनला हल्ला करायला फारशी जागा मिळत नाही. अक्रोडात दोन-दोन, तीन-तीन दुहेरी बंधांची आम्लं भरपूर असतात आणि ती कितीतरी पट वेगाने बिघडतात. म्हणून तीन पौंडांची बदामाची पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात काही महिने निर्धास्त राहते. अक्रोडाची तशीच पिशवी उघडल्यावर थेट फ्रीझरमध्ये गेली पाहिजे, नाहीतर तळाचे अक्रोड जिभेला कडू लागतात.

पांढरा तांदूळ, साखर, मीठ आणि मध यांत जिवाणूंना वापरता येईल असं पाणीच नसतं, त्यामुळे ती कोरड्यात वर्षभर आरामात राहतात. राजमा, छोले सडत नाहीत, पण उष्ण-दमट जागी जुने झाले की शिजता शिजत नाहीत. दाण्यातलं फायटेट हे संयुग हळूहळू मोडतं, त्याने धरून ठेवलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सुटं होतं आणि पेशींना चिकटवणाऱ्या पेक्टिनला जाऊन बांधतं, अशी याची सर्वात मान्य उपपत्ती आहे. कुकरच्या शिट्ट्या वाढतात, गॅस जास्त जळतो. तोही खर्च बचतीतूनच वजा होतो.

पालेभाजीची गोष्ट अगदी उलट. तोडलेला पालक जिवंत असतो, श्वास घेत असतो, स्वतःची साखर जाळत असतो. एका पौंडाचा प्लास्टिकचा डबा तिसऱ्या-चौथ्या दिवशी उघडून पाहा: झाकणाच्या आतून पाण्याचे थेंब लोंबत असतात, आणि ते ज्या पानांवर पडतात ती आधी काळवंडतात, मग बुळबुळीत होतात. दोघांच्या घरात हा डबा वेळेत संपत नाही. फ्रोझन मटाराचं तसं नाही. गोठवण्याआधी त्यांना उकळत्या पाण्याचा किंवा वाफेचा झटका देऊन विकरं निष्क्रिय केलेली असतात, त्यामुळे मोठी पिशवी घेतली तरी महिनोन्‌महिने पुरते. फक्त त्यासाठी गराजमध्ये दुसरा फ्रीझर घेतला असेल तर तोही हिशेबात धरा. छोट्या पेटी-फ्रीझरला वर्षाला दोनशे ते तीनशे युनिट वीज लागते. अमेरिकेतल्या सरासरी दराने ते चाळीसेक डॉलर होतात.

आता समजा, घरात काहीच वाया जात नाही. तरी एक गळती उरते आणि ती सहज लक्षात येत नाही. कुसुम ऐलावाडी आणि स्कॉट नेस्लिन यांनी १९९८ मध्ये अमेरिकी घरांच्या खरेदीच्या नोंदी तपासल्या. घरात साठा जास्त असला की वस्तू जास्त वेगाने संपते का, हा त्यांचा प्रश्न होता. वेग वाढतो, पण प्रत्येक वस्तूचा सारखा नाही: दह्याचा बराच वाढतो, टोमॅटो केचपचा त्यामानाने थोडाच. केचप लावायला समोर काहीतरी पदार्थ असावा लागतो; दही नुसतंही खाल्लं जातं. आपल्या घरात दह्याच्या जागी काजू ठेवून पाहा. पावशेर काजू आणले तर ते उपम्यात आणि शिऱ्यात मोजून पडतात. मोठी बरणी ओट्यावर आली की येता-जाता मूठ भरली जाते. काजू वाया गेले नाहीत, पौंडामागे दरही स्वस्त होता, तरी महिन्याचा काजूंचा खर्च वाढला. साबणाच्या बाबतीतही मोठ्या कॅनमधून हात सैल सुटतो. टॉयलेट पेपर, कचऱ्याच्या पिशव्या, बॅटऱ्या यांचा वापर घरात किती आहेत यावर फारसा अवलंबून नसतो, म्हणून खरी बचत तिथे होते.

फीचाही मनावर परिणाम होतो. ओहायो विद्यापीठात हॅल आर्केस आणि कॅथरीन ब्लूमर यांनी नाटकांच्या हंगामी तिकिटांवर एक प्रयोग केला आणि १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. १५ डॉलरचं तिकीट घ्यायला आलेल्यांपैकी काहींना, कोणताही निकष न लावता, २ किंवा ७ डॉलरची सूट दिली. नाटकं तीच होती, जागा त्याच. तरीही हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात पूर्ण पैसे भरलेल्यांनी जास्त नाटकं पाहिली. एकदा दिलेले पैसे परत येणार नसतात, पण ते 'वसूल' करण्याची ओढ पुढच्या वागण्यात उतरते. नाटकाच्या बाबतीत ही ओढ निरुपद्रवी असते. दुकानाच्या बाबतीत मात्र वसुलीचा एकच मार्ग असतो, आणखी खरेदी. त्यातून मांडणीही तशीच: दारात टीव्ही, मधल्या टेबलांवर कपडे आणि मोसमी वस्तू, दूध-अंडी मागच्या भिंतीला. आज दिसलेली वस्तू पुढच्या वेळी असेलच असं नाही, म्हणून हात पटकन पुढे जातो. दुधाला गेलेली गाडी दुधाबरोबर एअर फ्रायर घेऊन परतते आणि बिलावर त्याचीही 'बचत' लिहिलेली असते.

गाडीचा खर्च बहुतेकजण विसरतात. अमेरिकेच्या कर खात्याने २०२५ साठी व्यावसायिक प्रवासाचा दर मैलामागे ७० सेंट धरला होता. त्यात पेट्रोलबरोबर गाडीची झीज आणि विमाही येतो. येऊन-जाऊन २० मैलांची खास फेरी म्हणजे या दराने १४ डॉलर. महिन्याला दोन फेऱ्या धरल्या तर वर्षाला ३३६ डॉलर, फीच्या पाचपट. विमा तर एरवीही भरावाच लागतो, म्हणून फक्त पेट्रोल धरलं तरी दर फेरीला दोन-तीन डॉलर जातातच. दुकान ऑफिसच्या वाटेवर असेल तर मात्र हा खर्च उरतच नाही. फी जास्त की कमी यापेक्षा दुकान घरापासून किती लांब आहे हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. कॉस्टकोच्या पंपावर गॅलनमागे २० सेंट वाचतात असं धरलं तर १२ गॅलनची टाकी साधारण २७ वेळा भरली की फी निघते. रोज लांबून गाडीने ऑफिसला जाणाऱ्या माणसाला बाकी काही न घेताही कार्ड परवडू शकतं.

१३० डॉलरच्या एक्झिक्युटिव्ह कार्डावर बहुतेक खरेदीचे दोन टक्के परत मिळतात. जास्तीचे ६५ डॉलर भरून निघायला वर्षाला ३,२५० डॉलरची, म्हणजे महिन्याला सुमारे २७० डॉलरची खरेदी लागते, आणि पंपावरचं पेट्रोल त्यात धरलं जात नाही. मोठ्या घराला हे जमतं. दोन टक्के मिळवण्यासाठी खरेदी वाढवली तर अठ्ठ्याण्णव टक्के आपल्याच खिशातून जातात.

यात एक अन्याय आहे आणि तो मला खटकतो. येशिम ऑरहन आणि माइक पॅलाझोलो या संशोधकांनी अमेरिकी घरांच्या टॉयलेट पेपरच्या खरेदीचा अभ्यास केला. ही वस्तू त्यांनी निवडली कारण ती नासत नाही आणि हाताशी जास्त आहे म्हणून जास्त वापरलीही जात नाही. कमी उत्पन्नाच्या घरांना मोठा पुडा घेणं आणि सूट असताना साठा करणं कमी जमत होतं, कारण त्यासाठी एकरकमी पैसे हातात असावे लागतात. महिन्याच्या सुरुवातीला हातात पैसे आले की त्यांचीही खरेदी शहाण्यासारखीच व्हायची. अकलेत कमतरता नव्हती, रोकड कमी होती. शिकायला आलेली मुलं याच कात्रीत सापडतात: गाडी नाही, ठेवायला जागा नाही, आणि एका कप्प्याच्या फ्रीजमध्ये चौघांचं दूध. त्यांनी एकाच्या कार्डावर २० पौंडांचा तांदूळ, साबण आणि टॉयलेट पेपर आणून वाटून घेतलं तर फी माणशी नगण्य होते. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला दीडशे पानं उठायची असतात, तेव्हाही हे मोठे पुडे खऱ्या अर्थाने उपयोगी पडतात, कारण सगळं एका दिवसात संपतं.

कार्ड आधीच घेतलेलं असेल तर तीन महिन्यांची बिलं काढून बसा. जे एरवीही घेतलंच असतं आणि पूर्ण वापरलं त्यावर एक खूण, जे टाकलं किंवा नेहमीपेक्षा लवकर संपवलं त्यावर दुसरी, आणि जे केवळ समोर दिसलं म्हणून आलं त्यावर तिसरी. पहिल्या खुणेच्या वस्तूंचा जवळच्या दुकानातला दर काढा. तो पौंडाचा किंवा नगाचा घ्या, पुड्याचा नको. जो फरक येईल त्याला चारने गुणा, त्यातून दुसऱ्या आणि तिसऱ्या खुणेचा जादा खर्च आणि खास फेऱ्यांचं पेट्रोल, दोन्ही तसेच चारने गुणून, आणि वर्षाची फी वजा करा. बाकी शून्याखाली गेली तर कॉस्टकोच्या सदस्यत्व काउंटरवर जाऊन कार्ड रद्द करता येतं. समाधान झालं नसेल तर फी केव्हाही पूर्ण परत देण्याची हमी कंपनीनेच दिली आहे.