निवडणूक याचिकेचा निकाल विरोधात गेला तर: अपील आणि त्याआधीची स्थगिती

आमदार-खासदारांच्या निवडणुकीला आव्हान देणारी याचिका उच्च न्यायालयात चालते. तिच्या निकालावरचं अपील थेट सर्वोच्च न्यायालयात, लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ११६-अ खाली. हे अपील हक्काचं आहे, विशेष परवानगी मागावी लागत नाही. कायद्याच्या मुद्द्यांसोबत साक्षीपुराव्याचाही पुन्हा कीस पाडता येतो. ११ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन निकालांचा फैसला केला: तेव्हाचे मुख्यमंत्री मनोहर जोशींची रद्द झालेली निवड वाचली, विलेपार्ल्याच्या रमेश प्रभूंची नाही. प्रभूंची पोटनिवडणूक १९८७ ची होती; ती विधानसभा तोवर कधीच संपली होती.

अपील कोण करू शकतं?

निवड रद्द झालेला उमेदवार, याचिका फेटाळली गेलेला अर्जदार (तो साधा मतदारही असू शकतो), तसंच भ्रष्ट आचरणाचा (लाच, धर्माच्या नावावर मत मागणं अशा कायद्यातल्या गैरप्रकारांचा) ठपका नावानिशी बसलेली व्यक्ती. याचिकेसोबतची अनामत भरली नाही म्हणून याचिका सुरुवातीलाच निकाली निघाली, तरी अपील चालतं. खटल्यातल्या मधल्या आदेशांवर मात्र नाही. तिथे राज्यघटनेच्या अनुच्छेद १३६ चा, म्हणजे विशेष परवानगी मागण्याचा रस्ता.

मुदत ३० दिवसांची, आणि ती आदेशाच्या तारखेपासून. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण त्या भरवशावर राहू नये.

खरी धावपळ स्थगितीची, म्हणजे निकालाचा अंमल तात्पुरता थांबवण्याची. उच्च न्यायालयाने निकाल वाचून दाखवला की तो त्याच क्षणी लागू होतो. अपील दाखल होण्याआधी त्याच न्यायालयाकडे स्थगिती मागता येते. एकदा अपील दाखल झालं की ते दार बंद, मग फक्त सर्वोच्च न्यायालय. म्हणून निकालाच्या दिवशी स्थगितीचा अर्ज वकिलाच्या फाइलमध्ये तयार हवा. १२ जून १९७५ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवड रद्द केली आणि तिथेच २० दिवसांची स्थगिती दिली. २४ जूनला सर्वोच्च न्यायालयाकडून मिळाली ती सशर्त: सभागृहात बसा, पण मतदान नाही.

कागदपत्रं

निकालाची प्रमाणित प्रत लागते. नकलेचा अर्ज निकालाच्याच दिवशी टाका. सोबत अपिलाचं निवेदन, प्रतिज्ञापत्र, वकीलपत्र, स्थगितीचा अर्ज आणि उच्च न्यायालयातल्या रेकॉर्डच्या आवश्यक प्रती. अपील ‘अ‍ॅडव्होकेट ऑन रेकॉर्ड’मार्फत (सर्वोच्च न्यायालयात प्रकरणं दाखल करण्यासाठी तिथे नोंदणी झालेला वकील) दाखल होतं, नेहमीच्या वकिलाची सही पुरत नाही. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. प्रचारपत्रकं आणि भाषणांच्या नोंदी असतील तर त्यातच आठवडा जातो, आणि एका शब्दाच्या छटेवर भ्रष्ट आचरण ठरू शकतं. भाषांतर स्वतः वाचल्याशिवाय जोडू नका.

ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेच्या निवडणुकीला हे काहीच लागू नाही. त्यांचे कायदे, न्यायालयं आणि मुदती वेगळ्या आहेत.