फळ्यावरच्या ९० नावांपासून

दर एप्रिलमध्ये एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा ड्राफ्ट होतो, म्हणजे कॉलेजातून येणारे नवे खेळाडू संघांनी आळीपाळीने निवडायचे. ३२ संघ, ७ फेऱ्या. आयपीएलचा लिलाव बघणाऱ्याला इथे पहिल्यांदा चुकल्यासारखं होतं, कारण बोलीच लागत नाही. आदल्या हंगामात जो तळाला, त्याचा नंबर पहिला. आणि ज्या संघाने नाव घेतलं त्याच्याशीच कॉलेजातून आलेल्या त्या पोराने बोलणी करायची. थैली मोकळी सोडून दुसऱ्याचा खेळाडू पळवता येत नाही. म्हणून पहिल्या दोन फेऱ्यांसाठी संघ वर्षभर माणसं पारखत बसतात. ही पारख मुळात किती ढोबळ होती, आणि इथवर कशी आली, ते बघण्यासारखं आहे.

ड्राफ्टची कल्पना फिलाडेल्फिया ईगल्सच्या बर्ट बेल यांची. चांगला खेळाडू शिकागो किंवा न्यूयॉर्कच्या तगड्या संघाकडे जायचा आणि बेल यांचा संघ तळाशीच राहायचा. १९३५ मध्ये त्यांनी बाकीच्या मालकांना पटवलं आणि ८ फेब्रुवारी १९३६ला फिलाडेल्फियातल्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात पहिला ड्राफ्ट झाला. फळ्यावर ९० नावं लिहिलेली. नऊ संघांनी नऊ फेऱ्यांत त्यातली ८१ उचलली. गावोगाव फिरून खेळाडू पारखणारे स्काउट नव्हतेच. वर्तमानपत्रं, कॉलेजच्या प्रशिक्षकांशी असलेली ओळख आणि कानावर आलेलं, एवढ्यावर काम भागायचं. न्यूयॉर्क जायंट्सचे वेलिंग्टन मारा बाहेरगावची वर्तमानपत्रं मागवून खेळाडूंची माहिती जमवत, तर तेवढ्यानेच ते इतरांच्या पुढे होते. सगळ्यात पहिलं नाव पुकारलं गेलं शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वांगर यांचं. ईगल्सनी त्यांचे हक्क शिकागो बेअर्सना दिले, तिथे पैशांवरून फिसकटलं, आणि ड्राफ्टचा हा पहिला मानकरी एनएफएलचा एकही सामना खेळला नाही. पुढे ते फोम रबरच्या धंद्यात पडले.

पूर्णवेळ स्काउट ठेवायची सुरुवात १९४६ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सनी केली, एडी कोटल यांच्यापासून. पुढे खर्च वाटून घ्यायला संघांनी सामाईक स्काउट नेमले. लायन्स, ईगल्स आणि स्टीलर्स एकत्र आले, त्यांना बेअर्स मिळाले, आणि त्यांच्या आद्याक्षरांचं झालं ‘ब्लेस्टो’. सोय झाली, पण एकच अहवाल चार टेबलांवर जायला लागला.

याच काळात डॅलस काउबॉइजचे टेक्स श्रॅम संगणकाच्या मागे लागले होते. १९६०च्या हिवाळी ऑलिंपिकच्या प्रक्षेपणाच्या वेळी त्यांनी आयबीएमची यंत्रं काम करताना पाहिली होती. त्यांची गाठ पडली सलाम कुरेशी यांच्याशी. कुरेशी अलीगढचे, संख्याशास्त्रातले, तेव्हा आयबीएमच्या उपकंपनीत. त्यांना अमेरिकन फुटबॉल कळत नव्हता आणि श्रॅमना संगणक. खरी अडचण यंत्राची नव्हती, शब्दांची होती. एक स्काउट ‘चपळ’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात पाय असतात, दुसऱ्याच्या मनात डोकं. मग ठरावीक विधानांची प्रश्नावली आली आणि प्रत्येक विधानाला १ ते ९ गुण. सगळं गाळून पाच गोष्टी उरल्या: स्वभाव, चपळाई आणि शरीरावरचा ताबा, झुंजार वृत्ती, मेंदूची तरतरी, ताकद आणि झेप. आजही संघांचे अहवाल वाचले की याच पाच गोष्टी वेगळ्या कपड्यांत भेटतात.

पण आकडा कुठे, कधी आणि कोणी घेतला, हेही आलंच. त्याचा किस्सा पिट्सबर्ग स्टीलर्सच्या बिल नन यांचा. नन मूळचे ‘पिट्सबर्ग कुरियर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राचे क्रीडा संपादक. ज्या कृष्णवर्णीय कॉलेजांकडे बरेच संघ ढुंकून बघत नव्हते, तिथले प्रशिक्षक त्यांच्या घरच्यासारखे. १९७४च्या ड्राफ्टआधी स्काउटांचा घोळका अलाबामा ए अँड एममध्ये जॉन स्टॉलवर्थ नावाच्या मुलाला बघायला गेला. जमीन ओली होती, ४० यार्ड पळायची वेळ सुमार आली, सगळ्यांनी वहीत लिहून घेतली आणि पुढचं गाव धरलं. नन म्हणाले, बरं वाटत नाही, मी इथेच थांबतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलाला कोरड्या जागी पळवलं. घड्याळाने वेगळंच सांगितलं.

आता खरा पेच. मुख्य प्रशिक्षक चक नोल यांना स्टॉलवर्थ आधीच हवा होता. पण नन आणि स्काउटांचं म्हणणं, बाकीच्यांच्या वहीत ओल्या जमिनीची वेळ आहे, तो खाली उतरेल. स्टीलर्सनी पहिल्या फेरीत लिन स्वान घेतला, दुसऱ्या फेरीत जॅक लँबर्ट. तिसऱ्या फेरीतली निवड त्यांच्याकडे नव्हतीच. चौथ्यात स्टॉलवर्थ, पाचव्यात माइक वेबस्टर. चौघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत गेले. नन यांना तिथे जागा मिळाली ती २०२१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी. पहिल्या फेरीत कोणाला घ्यायचं याइतकंच कोणाला पुढच्या फेरीसाठी थांबवून ठेवता येईल हेही कळावं लागतं, ते असं.

अशी चोरून मोजणी पुढे अवघड झाली. १९८२ मध्ये टँपाला निवडक खेळाडूंचं एकत्र शिबिर सुरू झालं. १९८७ पासून ते ‘कंबाइन’ इंडियानापोलिसला भरतं. टीव्हीवर दिसतात त्या ४० यार्डांच्या धावा आणि २२५ पौंड, म्हणजे साधारण १०२ किलो, वजनाचे बेंच प्रेस. मुळात हेतू वैद्यकीय तपासणीचा होता: एकाच गुडघ्याचे प्रत्येक संघाने वेगळे एक्स-रे कशाला काढायचे? संध्याकाळी मुलाखती, थेट कांदेपोहेच; फक्त समोर सासू-सासरे नसून प्रशिक्षक, आणि विचारतात तुझ्याच चुकलेल्या चालीबद्दल. ५० प्रश्न आणि १२ मिनिटांची वंडरलिक बुद्धिचाचणीही बरीच वर्षं होती; २०२२ मध्ये ती कंबाइनमधून गेली.

एवढं करून निवड किती जमते? केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी मोजलं. एखाद्या जागेसाठी घेतलेला खेळाडू त्याच जागेसाठी नंतर घेतलेल्या पुढच्या खेळाडूपेक्षा सरस ठरण्याची शक्यता निघाली ५२ टक्के. नाणं उडवण्याच्या जरा वर. सगळ्यात वरच्या निवडींसाठी संघ अवाच्या सवा मोजतात, असाही त्यांचा निष्कर्ष होता. त्यातली पगाराची बाजू लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०११च्या कराराने बदलली. २०१०चा पहिला खेळाडू सॅम ब्रॅडफर्ड, सहा वर्षांचे ७.८ कोटी डॉलर. २०११चा कॅम न्यूटन, चार वर्षांचे साधारण २.२ कोटी. तेव्हापासून पहिल्या फेरीतल्या प्रत्येकाचा करार चार वर्षांचा, आणि पाचव्या वर्षाचा निर्णय संघाच्या हातात. तो तिसरा हंगाम संपल्यावर, मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत कळवावा लागतो.