गुडघाभर पाणी माणसाला कसं वाहून नेतं?

३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी डॅमच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. तो व्हिडिओ बघवत नाही. मधल्या खडकावर सगळे एकमेकांना घट्ट धरून उभे आहेत आणि पाणी वाढतच चाललंय. पाणी फार खोल वाटत नाही, मग उभं का राहता आलं नाही, असं खूप जणांना वाटतं.

कारण खोलीपेक्षा वेग जास्त घातक असतो. वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट तर जोर चौपट, तिप्पट तर नऊपट. हिशोबच करू. गुडघ्याच्या थोडं वर, अर्धा मीटर पाणी आणि दोन्ही पायांची मिळून रुंदी ३० सेंटिमीटर धरा. सेकंदाला १ मीटर वेग असेल तर पायांवर साधारण साडेसात किलो वजनाइतका जोर येतो, २ मीटरला ३० किलो आणि ३ मीटरला जवळपास ६८ किलो! आता पाय कशाच्या जोरावर टिकतात ते बघा, तर फक्त घर्षणाच्या. माणूस ६० किलोचा असला तरी पाण्यात बुडालेला भाग हलका होतो, तळव्यांवर उरतात ५३ किलो, आणि शेवाळलेल्या खडकाचा घर्षण गुणांक, म्हणजे वजनाच्या किती पट पकड मिळते तो आकडा, ०.२ धरला तर पाय जेमतेम साडेदहा किलोचा जोर सोसतात. म्हणजे साध्या चालण्याच्या वेगाच्या पाण्यातही पाय सुटलेच, मग पोहता येत असो की नसो. लहान मुलांचं तर वजनच कमी.

आणि हे पाणी वरून येतं. सह्याद्रीत बेसॉल्टचा खडक, त्यावर मातीचा पातळ थर, तो भिजून भरला की पुढचा पाऊस जिरत नाही. १ चौरस किलोमीटरवर १०० मिलीमीटर पाऊस म्हणजे १० कोटी लिटर पाणी, ते सगळं एका अरुंद ओढ्यात उतरतं. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी. याला लगेच ढगफुटी म्हणायची घाई नको, हवामान खात्याच्या हिशोबात त्यासाठी तासाभरात १०० मिलीमीटर पाऊस लागतो. आणि "डोह दरवर्षी बळी मागतो", "आसरा ओढून नेतात" हे तर सोडूनच द्या, असल्या बोलण्यामुळे खरं कारण कोणी बघतच नाही.

नितळ पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा काड्या वाहत आल्या, आवाज वाढला, की सामान तिथेच टाकून काठावर आणि काठावरून वर चढायचं, ओढ्याच्या कडेने खाली पळायचं नाही. पाय सुटलेच तर पाठीवर व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवा म्हणजे खडक डोक्याला न लागता पायाला लागेल, आणि जोर कमी असेल तिथे तिरकं काठाकडे सरका.