डास चावल्याने एचआयव्ही होतो का?

एचआयव्ही असलेल्या माणसाला चावलेला डास आपल्याला चावला तर आपल्यालाही लागण होते, ही समजूत अजूनही टिकून आहे. ती साफ चुकीची आहे. डास चावतो तेव्हा एका नळीतून स्वतःची लाळ आत सोडतो आणि दुसऱ्या नळीतून रक्त ओढतो. आधी प्यायलेलं रक्त तो पुढच्या माणसात सोडत नाही. मलेरियाचा परजीवी डासाच्या शरीरात वाढून लाळेपर्यंत पोहोचतो. एचआयव्हीला मात्र वाढायला माणसाच्या विशिष्ट पांढऱ्या पेशी लागतात. डासात त्या नसतात, त्यामुळे विषाणू रक्तासोबत पचून जातो.

एकत्र जेवण, मिठी, एकच शौचालय यांनीही लागण होत नाही, आणि या भीतीपायी कुणाचं ताट वेगळं ठेवणं हा निव्वळ अन्याय आहे.

खरा धोका आहे कंडोमशिवाय संभोगात (गुदमैथुनात सर्वाधिक), एकमेकांची सुई वापरण्यात, न तपासलेल्या रक्तात, आणि उपचार नसतील तर आईकडून बाळाला. जोडीदारापैकी कुणाला सिफिलिस किंवा जननेंद्रियांवरची नागीण (हर्पिस) असेल तर धोका आणखी वाढतो. नुकती लागण झालेल्याच्या रक्तात विषाणू प्रचंड असतात, आणि बहुतेकदा त्याला स्वतःलाच पत्ता नसतो.

उलट, रोज औषध घेऊन ज्याच्या रक्तातले विषाणू तपासणीत सापडत नाहीत, त्याच्याकडून लैंगिक संबंधातून लागण होत नाही. धोक्याचा प्रसंग घडलाच असेल तर 72 तासांच्या आत डॉक्टरांकडे जा. लागण रोखणारी औषधं 28 दिवस घ्यावी लागतात.