पार्श्वभूमी : धातू छातीवर की पायात?

खोक्यावर 'डाय-कास्ट' लिहिलेली फिगर, म्हणजे हिरोची हलत्या सांध्यांची छोटी प्रतिकृती, हातात घेतली की पहिल्यांदा जाणवतो तो गारवा, मग वजन. वजन म्हणजे अस्सलपणा हे आपल्याला वेगळं शिकवावं लागत नाही. पितळेची भांडी अजूनही तोलून विकली जातात, आणि भांडं हाताला हलकं लागलं की घेणारा ते परत ठेवतो. सुपरहिरोंच्या फिगर्स जमवणाऱ्यांना धातूची जी ओढ असते, तिचं मूळ बरंचसं इथेच आहे. पण भांडं एका जागी बसून राहतं. फिगरला एका पायावर उभं राहून मूठ उगारायची असते, आणि तिथे वजनाचा हिशेब बदलतो. म्हणूनच फिगरमध्ये धातू वापरावा का, आणि वापरला तर कुठे, यावर संग्राहकांची भांडणं होतात.

आधी त्या शब्दाचा गुंता सोडवायला हवा, कारण निम्मी भांडणं त्यातूनच होतात. डाय-कास्ट हे कुठल्या धातूचं नाव नाही. वितळलेला धातू दाबाने पोलादी साच्यात ढकलून भाग काढायची ती पद्धत आहे. खेळण्यांमध्ये हा धातू बहुतेक वेळा जस्ताचा मिश्रधातू असतो, त्यात साधारण ४ टक्के ॲल्युमिनियम. तो ३८० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो, म्हणून साचा फार काळ टिकतो आणि कवचावरच्या बारीक रेघा, पातळ कडा स्वच्छ उठतात. त्याची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ६.६ ग्रॅम, तर फिगरच्या एबीएस प्लास्टिकची जेमतेम १.०५. म्हणजे तेवढ्याच आकाराचा भाग सहापटीने जड.

या सहापटीमुळे जाहिरातीतली टक्केवारी फसवी ठरते. समजा, एखाद्या फिगरच्या आकारमानातला फक्त ३० टक्के भाग धातूचा आहे आणि उरलेला एबीएसचा. तोलून पाहिली तर त्याच फिगरच्या वजनात धातूचा वाटा ७३ टक्के भरतो. दोन्ही आकडे खरे. खोक्यावर कुठला छापायचा हे विकणारा ठरवतो, आणि 'डाय-कास्ट भाग असलेली' एवढंच छापलं तर एका छातीपट्टीवरही भागतं. धातू नेमका कुठल्या भागात आहे हे खोक्यावर स्पष्ट लिहायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

जुना इतिहास थोडक्यात. जस्ताची ओतीव खेळणी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून होती, पण धातूत शिशासारखी भेसळ राहिली की ती काही वर्षांनी आतून भेगाळून भुगा व्हायची. १९२९ च्या सुमारास अतिशुद्ध जस्तावर आधारलेले मिश्रधातू आले आणि हा रोग आटोक्यात आला.

हिरो आणि धातू यांची खरी गाठ पडली ती जपानमध्ये. १९७३ मध्ये तिथे माझिंगर झेड या चित्रकथेतल्या महाकाय यंत्रमानवाचं सुमारे ६० सेंटिमीटर उंचीचं पोकळ प्लास्टिकचं खेळणं निघालं. पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये, तोच हिरो मुठीत मावेल एवढा, पण धातूचा होऊन आला. नाव 'चोगोकिन', म्हणजे महा-मिश्रधातू. हे नाव कथेतल्या काल्पनिक धातूचं. प्रत्यक्षात आत साधं जस्तच होतं, पण मुलांच्या हातात कथेतला धातू आल्यासारखं झालं. धातूचा हिरो धातूचा असावा, हा आजही दिला जाणारा युक्तिवाद तिथून सुरू होतो. १९७९ च्या सुमारास अमेरिकेत सुपरमॅन, बॅटमॅन, स्पायडरमॅन यांच्याही छोट्या धातूच्या फिगर्स निघाल्या. तिथे हा युक्तिवाद लागूच पडत नव्हता, कारण त्यांच्या अंगावर कापड आहे, कवच नाही. पुढे १९८० च्या दशकात खर्चामुळे प्लास्टिकने जागा घेतली. १९९७ मध्ये चोगोकिन परतलं ते मोठ्या माणसांसाठी. लहानपणी ती जड खेळणी खेळलेलं गिऱ्हाईक आता कमावतं झालं होतं.

आपल्याकडच्या पिढीला धातूचा वेगळा धडा मिळाला होता, तो इथे नोंदवायलाच हवा. १९८० च्या दशकाच्या अखेरीस गोव्यातल्या कारखान्यात परवान्यावर बनलेले पावणेचार इंची जी. आय. जो दुकानांत आले. ते सुपरहिरो नव्हेत, सैनिक. पाठीतला स्क्रू उघडला की आत धातूचा एक आकडा, म्हणजे हुक, दिसायचा. त्याने दोन्ही पाय धरलेले असायचे आणि एक रबरी कडी तो आकडा धडाशी ओढून ठेवायची. रबर वाळून तुटलं की सैनिकाचे कमरेतून दोन तुकडे, पण आकडा तसाच शाबूत. नवी रबरी कडी घातली की गडी पुन्हा उभा. या धातूची कधी जाहिरात झाली नाही. तो दिसायचाही नाही, फक्त भार घ्यायचा.

२००८ मध्ये सुरू झालेल्या, साधारण १४ सेंटिमीटर उंचीच्या फिगर्सच्या एका जपानी मालिकेतही हेच शहाणपण होतं. मुखवटाधारी हिरोंची अंगं प्लास्टिकची, पावलं मात्र धातूची. गुरुत्वमध्य खाली गेला आणि एका पायावरची उडती लाथ स्टँडशिवाय टिकू लागली. पुढे बहुतेक फिगर्समधून ही धातूची पावलं गेली. माझ्या मते ती मोठी चूक होती.

आता मुख्य वाद. २००८ च्या चित्रपटानंतर आयर्न मॅनच्या एक-षष्ठांश आकाराच्या, म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटर उंचीच्या प्लास्टिक फिगर्सनी संग्राहकांना वेड लावलं होतं. रंगकाम इतकं सुरेख की काचेआड त्या धातूच्याच वाटायच्या. २०१३ मध्ये, तिसऱ्या चित्रपटाच्या वेळी, त्याच आकारात डाय-कास्ट मालिका सुरू झाली. जुन्या पोशाखांच्या धातूच्या आवृत्त्याही पाठोपाठ आल्या, आणि ज्यांच्याकडे प्लास्टिकची प्रत होती त्यांच्यापुढे तोच पोशाख पुन्हा घ्यायचा की नाही, हा प्रश्न उभा राहिला.

प्लास्टिकऐवजी धातू वापरायच्या या निर्णयाच्या बाजूचे म्हणतात की पात्राचं कवचच धातूचं आहे, मग फिगर का नसावी? रंगही धातूवर खोल दिसतो, आणि पातळ पट्ट्या प्लास्टिकसारख्या वाकत नाहीत. यातलं शेवटचं मला पटतं. विरोधकांची तक्रार सांध्यांची आहे. अशा फिगरमध्ये वजन कवचात, म्हणजे छातीवर आणि मांड्यांवर चढतं, पण ते पेलणारे आतले सांधे बरेचदा प्लास्टिकचेच राहतात. सततच्या भाराखाली प्लास्टिक हळूहळू दबतं आणि सांधा सैल पडतो. सांध्यात दातेरी चाक बसवलं तर पकड येते, पण मग पाय एकेक 'कट' करत ठराविक जागीच थांबतो. हवी ती पोझ दोन दात्यांच्या मधे राहून जाते.

माझ्याकडच्या लाल-सोनेरी कवचधाऱ्याचं असंच झालं. दोन पावसाळे तो ताठ उभा होता. तिसऱ्या वर्षी उजवा घोटा केसभर पुढे झुकला, आणि एका सकाळी तो शेल्फच्या काचेवर कपाळ टेकून उभा दिसला. काच वाचली. कपाळावर तांदळाच्या दाण्याएवढा रंग उडाला आणि खालचा करडा धातू उघडा पडला. प्लास्टिक मुळातच रंगीत असेल तर ओरखडा फारसा नजरेत येत नाही. धातूवरून रंग टवका उडाल्यासारखा निघतो आणि तो लपवता येत नाही. घोटा उघडून सांध्यात पातळ प्लास्टिकची चकती बसवली, तेव्हापासून तो सरळ आहे.

भारतातल्या संग्राहकासाठी या निर्णयाला आणखी एक पदर आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरचं आयात शुल्क २० वरून ६० टक्क्यांवर गेलं, २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर. शुल्क आकारताना वस्तूच्या किमतीत वाहतुकीचा खर्चही धरतात. जड फिगरचं भाडं जास्त, आणि त्या जास्तीच्या भाड्यावर पुन्हा शुल्क. छातीवरच्या प्रत्येक धातूच्या पट्टीचे पैसे आपण असे दोनदा मोजतो. जुन्या फिगर्सच्या खरेदी-विक्रीत म्हणूनच आता जाणकार माणूस धातू किती आहे हे नंतर विचारतो. आधी फिगर स्टँडशिवाय उभी असलेला, घोट्याचा जवळून काढलेला फोटो मागतो.