रिपोर्ट दुपारी का अडकतो? विश्लेषण डेटाबेसला जावा ॲप जोडणाऱ्या ग्राहकांसाठी

"सकाळी सगळं चालतं. बारा वाजले की रिपोर्टचं पान नुसतं गोल गोल फिरत बसतं. टॉमकॅट बंद करून चालू केला की परत ठीक. तुमचा डेटाबेस स्लो आहे." हा फोन आम्हाला इतका सारखा येतो, की पुढचं वाक्य आम्हीच पूर्ण करतो. डेटाबेस स्लो नसतो. म्हणून हे पत्रक.

आमचं काम तुम्हाला माहीत आहे. तुमच्या बिलिंगचा, स्टॉकचा, दूध संकलनाचा डेटा रात्री उचलायचा आणि पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरमधल्या वेगळ्या विश्लेषण डेटाबेसमध्ये रिपोर्टला सोयीचा लावून ठेवायचा. तुमचा डेव्हलपर टॉमकॅटवरच्या (जावा ॲप चालवणारा सर्व्हर) ॲपमधून तो जेएनडीआय डेटासोर्सने (सर्व्हरवर नावाने नोंदवलेली डेटाबेसची जोडणी) वाचतो. ही जोडणी त्याला येते असं आम्ही धरून चाललो आहोत. ड्रायव्हरची (जावाला डेटाबेसशी बोलवणारा भाग) जार फाईल ॲपच्या आत नव्हे, टॉमकॅटच्या लिब फोल्डरमध्ये ठेवायची, एवढं बघा. सेटिंगची नावं इथे देवनागरीत आहेत. नेमकं स्पेलिंग सोबतच्या नमुना कॉन्टेक्स्ट फाईलमधून कॉपी करा, ऐकून टाइप करू नका.

आता मुद्दा. डेटासोर्स म्हणजे कनेक्शनचा पूल, वापरून परत करायच्या जोडण्यांचा साठा. पाणपोईवर आठ पेले ठेवलेत असं समजा. पाणी पिऊन पेला जागेवर ठेवला तर आठ पेल्यांत सगळा बाजार पाणी पितो. आठ जण पेला घेऊनच निघून गेले तर नववा रांजणापाशी उभा राहतो आणि रांजण मात्र भरलेला असतो. तुमच्या ॲपमध्ये हेच होतं. कनेक्शन घेतलं जातं, परत केलं जात नाही. यालाच आम्ही गळती म्हणतो.

डेव्हलपर म्हणतो, "मी क्लोज लिहिलंय." कनेक्शन परत करणारी ती ओळ लिहिलेली असतेच, पण मेथडच्या (कोडच्या त्या तुकड्याच्या) शेवटी. कुणी तारीख रिकामी सोडून रिपोर्ट काढतो, मध्येच एक्सेप्शन (कोड अर्ध्यात थांबवणारी चूक) येतं आणि शेवटच्या ओळीपर्यंत कोड पोचतच नाही. एक पेला गेला. टेस्टिंगला हे दिसत नाही, कारण टेस्टिंगला कुणी तारीख रिकामी सोडत नाही. ऑफिसात सोडतात. आठ जणांनी सोडेपर्यंत दुपार होते.

दुसरी नेहमीची जागा जॅस्पर, म्हणजे रिपोर्ट बनवणारी जावाची लायब्ररी. रिपोर्ट भरताना त्याला कनेक्शन दिलं की तोच ते बंद करेल असा समज आहे. तो करत नाही. ज्याने कनेक्शन मागितलं त्यानेच परत करायचं.

उपाय जुना आहे. जावा ७ पासून ट्राय-विथ-रिसोर्सेस आहे, म्हणजे घेतलेलं काम संपताच आपोआप बंद करणारी कोडची रचना. कनेक्शन, स्टेटमेंट आणि रिझल्टसेट तिन्ही ट्रायच्या कंसात घ्या. एक्सेप्शन येवो न येवो, परत जातात. स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कच्या जेडीबीसी टेम्प्लेटमधून वाचत असाल तर तोच हे सांभाळतो. मग गळती शोधायची ती कुणी हाताने गेट-कनेक्शन लिहिलंय तिथे. सगळ्या कोडमध्ये हा एक शब्द सर्च करा, तासाभरात जागा सापडतात.

आठच पेले का, हेही सांगतो. टॉमकॅट ७ मध्ये पूलमधल्या कनेक्शनच्या मर्यादेचं नाव मॅक्स-ॲक्टिव्ह होतं. ८ पासून ते मॅक्स-टोटल झालं. जुनी फाईल तशीच उचलून नव्या टॉमकॅटवर टाकली की तो जुनं नाव सोडून देतो आणि आपला ठरावीक आकडा घेतो. तो आकडा ८. टॉमकॅटच्या कॅटालिना लॉगमध्ये तशी सूचनाही येते, पण चालू सर्व्हरचा लॉग कोण वाचतो? मॅक्स-वेटचंही तेच. नवं नाव मॅक्स-वेट-मिलिस. ते दिलं नाही तर टॉमकॅट कनेक्शनची वाट अनंत काळ बघतो. एरर नाही, काही नाही, पान फिरत राहतं. तिथे १०००० टाका. दहा सेकंदांनी स्वच्छ एरर येईल, आणि फिरणाऱ्या पानापेक्षा एरर केव्हाही बरी.

टॉमकॅट १० वर जाताना आणखी एक. सर्व्हलेटच्या (वेब विनंत्या हाताळणारा कोड) पॅकेज नावातलं जावाएक्स बदलून जकार्ता झालं हे खरं, पण डेटासोर्सचा प्रकार जावाएक्स डॉट एसक्यूएल असाच राहतो. तो जावाचाच भाग आहे. फाइंड-रिप्लेस मारून तोही बदलला की ॲपला डेटासोर्स मिळत नाही.

"मग आकडा वाढवून टाकू." हे मात्र करू नका. एका ग्राहकाने तो २०० केला होता. पोस्टग्रेस मुळात १०० कनेक्शन धरून चालतो. गळती तशीच राहिली, फक्त ती आता सगळा डेटाबेस भरून टाकू लागली. आमच्या रात्रीच्या लोडिंगला कनेक्शन मिळालं नाही, सकाळी मालकांना आदल्या दिवसाचे आकडे दिसले आणि बोलणी आम्ही खाल्ली. तेव्हापासून आम्ही प्रत्येक ग्राहकाच्या युझरला २० कनेक्शनची मर्यादा घालतो आणि तो युझर फक्त वाचणारा असतो. यावर काही जण नाराज आहेत. पण कनेक्शन लागतं ते क्वेरी चालू असेपर्यंतच. माणूस आकडे बघत चहा पीत असतो तेव्हा लागत नाही. गळती नसेल तर २० मध्ये मोठं ऑफिस निघतं. नसेल निघत तर सांगा, मर्यादा वाढवू, आधी कारण बघू. दोन टॉमकॅट चालवत असाल तर पूल दोन होतात हे लक्षात ठेवा. दोन्हीकडे १५ ठेवले तर ३० झाले.

गळती सापडतच नसेल तर रिमूव्ह-अबँडन्ड-ऑन-बॉरो आणि लॉग-अबँडन्ड ही दोन सेटिंग चालू करा. परत न आलेलं कनेक्शन मुदतीनंतर काढून घेतलं जातं आणि ते कोणत्या ओळीत घेतलं होतं ते लॉगमध्ये छापून येतं. हे शोधण्यापुरतंच. ठरलेली मुदत ३०० सेकंदांची असते, मार्चअखेरचा मोठा रिपोर्ट मध्येच तुटू शकतो.

जाता जाता दूध संघांसाठी. पहाटे पाचचं संकलन आदल्या तारखेला दिसतं आणि तीच क्वेरी पीजीॲडमिनमध्ये (पोस्टग्रेस थेट बघायचं साधन) बरोबर येते, तर दोष आमच्या लोडिंगचा नाही. पोस्टग्रेसचा ड्रायव्हर जावाचा टाइमझोन उचलतो. सर्व्हर यूटीसीवर (भारतापेक्षा साडेपाच तास मागे) असेल तर साडेपाचच्या आतलं सगळं कालच्या तारखेला जातं. टॉमकॅट सुरू होताना जावाला एशिया/कोलकाता सांगा.

वार्षिक करार असलेल्यांना तुमची किती कनेक्शन उघडी पडली आहेत आणि त्यांची शेवटची क्वेरी कोणती, हे आम्ही फोनवर लगेच बघून सांगतो, त्याचे पैसे नाहीत. कोडमध्ये बसून गळती काढायला आमचा माणूस अर्ध्या दिवसासाठी येतो, त्याचा दर वेगळा. डेव्हलपर हुशार असेल तर त्याची गरज पडू नये. करार नसलेल्यांनी आधी हे पत्रक त्याच्या हातात द्यावं.

फोन करण्याआधी एकच विनंती. रीस्टार्ट करू नका. अडकलेल्या अवस्थेतच जेस्टॅकने (जावासोबत येणारं साधन) थ्रेड डंप, म्हणजे कोड कुठे अडकलाय याची नोंद, घ्या, कॅटालिना लॉगची त्या दिवसाची फाईल घ्या आणि दोन्ही पाठवा. फिरणाऱ्या पानाचा फोटो नको, तो आमच्याकडे भरपूर आहे. रीस्टार्ट केला की पुरावा जातो आणि आपण दोघं दुसऱ्या दिवशी बारा वाजायची वाट बघत बसतो.